कायद्याचा शब्द, गरिबाचा अर्थ

'चारशेवीस' हा शब्द मराठी माणसाने कायद्याच्या पुस्तकातून उचललेला नव्हता. भारतीय दंड संहितेचे ते कलम १८६० सालचे. परंतु लोकांना ते पाठ झाले ते बाजारात, एस.टी.च्या थांब्यावर आणि तमाशाच्या कनातीत. 'तीनशेदोन' म्हणजे खून, 'तीनशेसात' म्हणजे खुनाचा प्रयत्न, 'एकशे चव्वेचाळीस' म्हणजे जमावबंदी, एवढे निरक्षर माणसालाही ठाऊक होते. गिरणी कामगाराला आणि धरणग्रस्ताला तर ते पाठीवर वळ उठवून ठाऊक झालेले होते. १ जुलै २०२४ रोजी ही सारी लोकविद्या एका रात्रीत मोडीत निघाली. भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि भारतीय साक्ष अधिनियम असे तीन नवे कायदे अमलात आले. खून आता १०३व्या कलमात गेला, फसवणूक ३१८व्या कलमात, आणि जमावबंदीचा हुकूम नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३व्या कलमात. नव्या न्याय संहितेतले ३०२वे कलम आता धार्मिक भावना दुखावणाऱ्या उद्गारांविषयी आहे!

गुलामीची निशाणी पुसली, असे या बदलाचे समर्थन केले गेले. निशाणी कितपत पुसली गेली हा वादाचा विषय आहे, कारण जुन्या कायद्यांतील बहुतेक मजकूर नव्या क्रमांकांखाली तसाच नांदतो आहे. तथापि आकड्यांचा गोंधळ ही फार मोठी गोष्ट नव्हे. वकील ते सहा महिन्यांत पाठ करतात, लोक सहा वर्षांत करतील. खरा प्रश्न शब्दांचा आहे, आणि तो २०२४ च्या आधीपासूनचा आहे. कायद्याच्या प्रत्येक शब्दाला कोर्टाच्या आत एक अर्थ असतो आणि कोर्टाबाहेरच्या चहाच्या टपरीवर दुसरा. या दोन अर्थांमध्ये जे अंतर आहे त्यावर कितीतरी जणांचा प्रपंच चालतो: दलालाचा, पेशेवर जामीनदाराचा, 'साहेबांशी बोलून देतो' म्हणणाऱ्या पुढाऱ्याचा. हा धंदा बंद पाडायचा तर गरिबाला कायदा शिकवून वकील करण्याची गरज नाही. पाच-सहा शब्दांचे खरे अर्थ त्याच्या हाती गेले तरी पुष्कळ काम होईल.

सुरुवात पोलीस ठाण्यापासून करावी, कारण गरिबाची कायद्याशी पहिली गाठ तेथेच पडते. बांधावरून मार खाल्लेला अल्पभूधारक किंवा नवऱ्याने झोडपलेली बाई ठाण्यावर जाते. ठाणे अंमलदार चार ओळी लिहून घेतो, हातात एक कागद देतो आणि 'एन.सी. घेतली' असे सांगतो. बाई समजते, गुन्हा नोंदला गेला, आता पोलीस येतील. पोलीस येत नाहीत. कोणीतरी तिला समजावतो की, हा 'अदखलपात्र' गुन्हा आहे. मराठीत दखल घेणे म्हणजे लक्ष देणे; तेव्हा आपला मार सरकारच्या लेखी लक्ष देण्याच्या लायकीचा नाही असा अर्थ ती घेते आणि गप्प बसते. तिचा पहिला समज चुकीचा होता, दुसराही चुकीचाच आहे. अदखलपात्र याचा अर्थ एवढाच की, दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसांना त्या गुन्ह्याचा तपास करता येत नाही आणि वॉरंटावाचून अटक करता येत नाही. गुन्हा हा गुन्हाच राहतो. पोलिसांनी नोंद करून तक्रारदाराला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगावयाचे असते. नव्या संहितेने तर अशा नोंदींचा अहवाल दर पंधरवड्याला दंडाधिकाऱ्याकडे पाठविण्याचे बंधनही पोलिसांवर घातले आहे. हे अहवाल आपल्या तालुक्यात जातात की नाही, हा प्रश्न एकाही तालुका समितीने विचारल्याचे ऐकिवात नाही.

त्याहून महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. एका प्रसंगात अनेक गुन्हे घडले असतील आणि त्यांतला एकही दखलपात्र असेल, तर सारे प्रकरण दखलपात्र मानले जाते. म्हणून 'मारले' आणि 'कोयत्याने मारले' या दोन जबाबांत जमीनअस्मानाचे अंतर पडते. हुंड्यासाठी किंवा अन्यथा होणारा सासरचा छळ, जो पूर्वी ४९८-अ म्हणून ओळखला जाई आणि आता न्याय संहितेच्या ८५व्या कलमात आहे, तो बाईने स्वतः किंवा तिच्या नातलगाने खबर दिली असता दखलपात्रच आहे. पण लिहिणाऱ्याने 'घरगुती वाद' एवढेच लिहिले तर हा सारा छळ त्या दोन शब्दांत गडप होतो. यासाठीच लिहिलेली खबर वाचून दाखविली पाहिजे आणि तिची प्रत विनामूल्य दिली पाहिजे असे कायदा सांगतो. वाचून दाखविल्याखेरीज सही किंवा अंगठा करावयाचा नाही, एवढा एकच धडा गावोगावी पोहोचला तरी चालेल. घडले ते ठाण्याच्या हद्दीबाहेरचे आहे, ही सबबही आता चालत नाही. हद्द कोणतीही असो, खबर नोंदवून ती योग्य ठाण्याकडे पाठविणे बंधनकारक आहे.

२०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असे ठरविले होते की, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की मोजके अपवाद वगळता ती नोंदविलीच पाहिजे. नव्या संहितेने या सरळ नियमाला एक फट ठेवली आहे. तीन वर्षे ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने चौदा दिवसांपर्यंत 'प्राथमिक चौकशी' करता येते. शब्द निरुपद्रवी वाटतो. परंतु ज्या गावात तक्रारदार भूमिहीन आणि आरोपी साखर कारखान्याचा संचालक आहे, तेथे चौदा दिवसांत काय काय घडू शकते हे कार्यकर्त्यांना सांगावयास नको. त्या पंधरवड्यात चौकशी कमी आणि तडजोड अधिक होते.

आता जामीन. गरिबांची इतकी फसवणूक कायद्याच्या दुसऱ्या कोणत्याही शब्दाने केली नसेल. बोलीत 'जामीन झाला' आणि 'जामीन भरला' असे दोन निराळे प्रयोग आहेत, आणि लोकभाषेने येथे कायद्यापेक्षा अधिक नेमकेपणा दाखविला आहे. झाला म्हणजे न्यायाधीशाने दिला. भरला म्हणजे कोणी सातबारा, ऐपतीचा दाखला आणि रक्कम घेऊन उभा राहिला. या दोन क्रियापदांच्या मध्ये हजारो माणसे तुरुंगात पडून असतात: जामीन झालेला, पण भरलेला नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालाप्रमाणे देशातील तुरुंगांत ५,७३,२२० बंदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२ जणांचा खटला संपलेला नव्हता. शंभरांत पंचाहत्तरांहून अधिक. त्यांना सरकारी भाषेत 'न्यायाधीन बंदी' म्हणतात, तुरुंगाच्या भाषेत 'कच्चे कैदी'. कच्चा कैदी म्हणजे ज्याचा अपराध सिद्ध झालेला नाही तो. परंतु त्याची कोठडी, त्याची भाकरी आणि त्याच्या बायकोची वणवण ही सारी पक्की असते.

जामीन म्हणजे पैसे, हा समज इतका रुजलेला आहे की वकीलही तो खोडून काढण्याच्या भरीस पडत नाहीत. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत जामीन या शब्दाची व्याख्याच नव्हती. ती प्रथम नव्या संहितेत आली, आणि अटींवर केलेली सुटका असा तिचा सर्वसाधारण आशय आहे. अटी म्हणजे पैसाच असे तीत कोठेही नाही. वस्तुतः हे १९७८ मध्येच स्पष्ट झाले होते. मध्य प्रदेशातील मोतीराम नावाच्या एका गवंड्याला सर्वोच्च न्यायालयाने जामीन दिला, तेव्हा खालच्या दंडाधिकाऱ्याने दहा हजारांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाला जामीनदार म्हणून नाकारले. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ही अट रद्द केली, जामीनदाराशिवाय केवळ स्वतःच्या बंधपत्रावर होणारी सुटका हीसुद्धा 'जामीन' या शब्दात येते असा निर्वाळा दिला, आणि त्या गवंड्याला एक हजाराच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्यास सांगितले. पुढल्याच वर्षी बिहारमधील हुसैनारा खातून प्रकरणात न्यायमूर्ती भगवती यांच्यापुढे असे कच्चे कैदी आले की, ज्यांनी गुन्हा सिद्ध झाला असता तरी जेवढी शिक्षा झाली असती तिच्याहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक लोटले. तालुक्याच्या कोर्टात जामीनदाराचा सातबारा 'इथलाच' असावा हा आग्रह अद्याप सुटलेला नाही.

मराठीत या स्वतःच्या बंधपत्राला 'जातमुचलका' असा जुना आणि चांगला शब्द आहे. येथली 'जात' ही जन्माची जात नव्हे. 'राजा जातीने हजर होता' असे बखरीत म्हणतात ती ही जात, म्हणजे स्वतः. मुचलका म्हणजे लिहून दिलेली हमी. परंतु ज्या समाजात माणसाला आयुष्यभर दुसऱ्याच जातीने ओळखले गेले, तेथे हा शब्द ऐकून दलित वस्तीतल्या एखाद्याने दाखला काढावयास धाव घेतली तर त्याला हसण्याचा अधिकार कोणालाही नाही.

या संबंधातले तीन नियम कार्यकर्त्यांनी तोंडपाठ करावेत असे आहेत. जामीनपात्र गुन्ह्यात जामीन हा आरोपीचा हक्क आहे, ती ठाणेदाराची मेहेरबानी नव्हे. आणि अटकेपासून एका आठवड्यात जो जामीनदार उभा करू शकत नाही तो निर्धन आहे असे गृहीत धरून त्याला जातमुचलक्यावर सोडावे, अशी तरतूद २००५ च्या दुरुस्तीने आली आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. दुसरे असे की, जामीन मंजूर होऊनही सात दिवसांत सुटका झाली नाही तर तुरुंग अधीक्षकाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवाला कळवावे, आणि महिनाभरात जामीन भरला गेला नाही तर अटी सैल करण्याचा विचार न्यायालयाने स्वतःहून करावा, असे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिले. तिसरा नियम नव्या संहितेच्या ४७९व्या कलमात आहे: फाशी किंवा जन्मठेपेचे गुन्हे सोडून इतरांत, कमाल शिक्षेच्या निम्मा काळ कोठडीत गेला असेल तर जामिनावर सुटका, आणि पहिलाच गुन्हा असेल तर एक तृतीयांश काळातच. ऑगस्ट २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हा लाभ जुन्या कैद्यांनाही लागू असल्याचे मान्य केले.

पण याच कलमात एक खोच आहे. ज्याच्यावर एकाहून अधिक प्रकरणे चालू असतील त्याला हा लाभ नाही. चळवळीत काम करणाऱ्या कोणत्या माणसावर एकच प्रकरण असते? रास्ता रोको एक, धरणे दुसरे, विनापरवाना सभा तिसरे. आणि बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्यासारख्या खास कायद्यांखाली तर जामीन या शब्दाचा सांगाडाच तेवढा उरतो. आरोप सकृतदर्शनी खरा वाटत असल्यास जामीन देऊ नये, असे तेथे लिहून ठेवलेले आहे. फादर स्टॅन स्वामी ८४ वर्षांचे होते. जुलै २०२१ मध्ये ते मुंबईत कोठडीत असतानाच निवर्तले. ते कच्चे कैदीच होते. आणीबाणीत मिसाखाली स्थानबद्ध झालेले जे ज्येष्ठ साथी अद्याप आहेत, त्यांना 'अटक' आणि 'स्थानबद्धता' यांतला फरक येरवड्याने शिकविला: अटकेला निदान आरोप लागतो, स्थानबद्धतेला संशय पुरतो. तरुण कार्यकर्त्यांनी तो धडा त्यांच्याकडून आताच घेतलेला बरा.

'तारीख' या शब्दाविषयी फार लिहावयास नको. कायद्यात तिला तहकुबी म्हणतात. ऊसतोड्याच्या लेखी ती एका दिवसाची बुडालेली मजुरी, एस.टी.चे भाडे आणि वकिलाच्या कारकुनाचा चहा असते. दिवाणी दाव्यात एका पक्षाला तीनहून अधिक तहकुब्या देऊ नयेत आणि तहकुबी मागणाऱ्याकडून समोरच्याचा खर्च वसूल करावा, असे दिवाणी प्रक्रिया संहितेत छापलेले आहे; छापलेलेच आहे. मात्र उलट बाजूने नियम तत्परतेने लागू होतो. गरीब पक्षकार एका तारखेला आला नाही की दावा 'एकतर्फी' होतो, आणि एकतर्फी म्हणजे संपले असे समजून तो घर गाठतो. सबळ कारण दाखवून एकतर्फी हुकूमनामा रद्द करवून घेता येतो आणि त्यासाठी तीस दिवसांची मुदत असते, हे त्याला बहुधा एकतिसाव्या दिवशी कळते.

कोर्टात कधीही न गेलेल्या माणसांना, विशेषतः बायकांना, ज्या शब्दाने सर्वाधिक लुटले तो शब्द म्हणजे 'हक्कसोड'. शब्द प्रामाणिक आहे. हक्क सोडला जातो हे तो स्वतःच सांगतो. म्हणूनच घरात तो उच्चारला जात नाही. 'बहिणींची नावे कमी करायची आहेत' असे म्हटले जाते. बाप गेल्यावर तलाठ्याकडे वारसांची नोंद होते, मुलींची नावे कित्येकदा सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात ढकलली जातात, आणि मग एखाद्या राखी पौर्णिमेला माहेरी आलेल्या बहिणीला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत नेले जाते. तिला सांगितले जाते, 'सरकारी काम आहे, सही लागते.' ती सही देते, साडीचोळी घेते आणि परतते. काय दिले हे तिला ठाऊक नसते, किंवा ठाऊक असूनही माहेरचा उंबरा तुटू नये म्हणून ती ते ठाऊक नसल्यासारखे वागते.

हिंदू वारसा कायद्यात मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क महाराष्ट्राने १९९४ मध्ये त्या दिवशी अविवाहित असलेल्या मुलींपुरता दिला. २००५ मध्ये केंद्राच्या दुरुस्तीने तो सर्व मुलींना मिळाला. आणि दुरुस्तीच्या दिवशी बाप हयात असो वा नसो हा हक्क आहेच, हे ऑगस्ट २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. दोन्ही दुरुस्त्या व्हावयास स्त्री चळवळीने आयुष्य वेचले. आणि इतक्या कष्टाने मिळविलेला हक्क एका दुपारी, शंभर-दोनशे किलोमीटरचा प्रवास करून आलेल्या बाईकडून सुटतो. येथे आणखी दोन शब्दांचे अर्थ कळणे अगत्याचे आहे. 'फेरफार' म्हणजे मालकी बदलणे नव्हे. ती महसुली दप्तरातली नोंद आहे, आणि नुसत्या फेरफाराने कोणाचा हक्क जन्मत नाही की मरत नाही. तिच्या नोटिशीवर मुदतीत हरकत घेता येते, आणि नंतरही दिवाणी न्यायालय असते. 'हक्कसोडपत्र' मात्र नोंदणी झालेला दस्त आहे. त्यावर स्वेच्छेने सही केल्यावर तो रद्द करणे महाकठीण. म्हणून रकान्यातले नाव कमी झाल्याने हाय खाऊ नये, आणि दस्तावर सही करताना मात्र दहा वेळा विचार करावा. प्रत्यक्षात लोक नेमके उलटे वागतात. यात आपल्या पक्षाची घरेही अपवाद नाहीत, हे येथे लिहून ठेवणे प्राप्त आहे.

हे शब्द लोकांच्या भाषेत आणावेत, तर आणखी एक अडचण उभी राहते. वकील, फिर्याद, जामीन, दावा, अर्ज हे शब्द फारसी-अरबीतून आले. शिवकाळात राज्यव्यवहारकोश रचून त्यांच्या जागी संस्कृत शब्द सुचविले गेले, तरी लोकांनी फारसी शब्द सोडले नाहीत. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन झाले आणि १९६२ मध्ये पदनाम कोश निघाला. त्याची 'बदनाम कोश' म्हणून थट्टा झाली ती अगदीच अनाठायी नव्हती, जरी त्यातले पुष्कळ शब्द पुढे रुळले. इंग्रजीच्या जागी संस्कृत बसविल्याने कायदा लोकांच्या जवळ येतोच असे नाही. याचा सर्वात केविलवाणा दाखला प्रत्येक तालुका न्यायालयाच्या भिंतीवर टांगलेला आहे: 'तालुका विधी सेवा समिती'. मराठी माणसाला विधी म्हटले की लग्न आठवते, नाही तर दहावा. ज्या पाटीने गरिबाला आत बोलवावयाचे, तीच त्याला गुरुजींची खोली वाटावी! वास्तविक त्या खोलीत मोफत वकील मिळतो. घटनेच्या ३९-अ अनुच्छेदाने १९७६ मध्ये ते तत्त्व घालून दिले, १९८७ च्या कायद्याने त्याला रूप आले आणि तो कायदा १९९५ मध्ये अमलात आला. स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार आणि कोठडीतील प्रत्येक माणूस यांना उत्पन्नाची अट नाही. १५१०० या दूरध्वनी क्रमांकावरही विचारणा करता येते. मोफत वकील म्हणजे टाकाऊ वकील, ही समजूत काही ठिकाणी खरीही ठरते. पण वकील नसण्यापेक्षा तो बरा, आणि त्याने काम केले नाही तर जाब विचारावयास जागा आहे.

खालच्या न्यायालयांची भाषा मराठी असे १९९८ मध्ये अधिसूचनेने ठरले. उच्च न्यायालयाची अद्याप इंग्रजी आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतील एका प्रकरणात असे ठरविले की, अटकेची कारणे अटक झालेल्या माणसाला लेखी आणि त्याला समजेल अशा भाषेत दिली पाहिजेत, मग गुन्हा कोणत्याही कायद्याखालचा असो. समजेल अशा भाषेत! गोंड, भिल्ल, पारधी माणसाला समजेल ती भाषा मराठीच असेल असेही नाही. या निर्णयाचा आधार घेऊन जामिनाच्या आदेशाबाबतही हाच आग्रह धरता येईल: कोणत्या अटीवर सुटका आहे, ती झेपत नसेल तर कोणाकडे अर्ज करावयाचा, हे कैद्याच्या हाती त्याच्या भाषेत पडले पाहिजे.

हे काम कोणी वरून करून देणार नाही. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली कच्च्या कैद्यांचा आढावा घेणारी समिती असते आणि जिल्हाधिकारी व पोलीस अधीक्षक तिच्यात असतात. जामीन होऊनही न भरल्यामुळे आत राहिलेल्यांची यादी तिच्यापुढे यावयाची असते. जिल्हा शाखांनी पुढील बैठकीपूर्वी विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना पत्र लिहून एवढेच विचारावे: आपल्या जिल्ह्यातील यादीत आज किती नावे आहेत, आणि त्यांतील किती जणांसाठी जातमुचलक्याचा अर्ज झाला आहे?